आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी संशोधनाच्या कागदावर सही करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही वसमत तालुक्यातले. आईंचं वय ६८, बऱ्याच वर्षांपासून शुगर, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आलेला. नांदेडच्या एका दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली आणि सोबत संशोधनात भाग घेण्याचा कागद हातात दिला. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन सगळ्यांनाच मिळणार. घरी गेल्यावर मात्र निम्म्यांना अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असे दोन्ही ड्रॉप, उरलेल्यांना फक्त स्टेरॉइडचा. एकूण ३०० रुग्ण, कोण कुठल्या गटात ते संगणक ठरवणार. तुमचं म्हणणं, "आईवर प्रयोग करतायत का? ड्रॉप मिळाला नाही आणि डोळ्यात पू झाला तर? शिबिरात लोकांचे डोळे गेल्याचं ऐकलंय. आणि उन्हाळ्यात ऑपरेशन करावं का?"

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. सहीचा प्रश्न लहान आहे. डोळ्यात पू होऊ नये म्हणून खरं काय उपयोगी पडतं, आणि झालाच तर आई किती तासांत दवाखान्यात पोचतील, हा मोठा आहे. तुम्ही सगळी काळजी पहिल्यावर खर्च करताय, म्हणून मी दुसऱ्यापासून सुरू करतो.

ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत होणाऱ्या इन्फेक्शनला आम्ही एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतो. प्रमाण फार कमी. चांगल्या ठिकाणी दहा हजार ऑपरेशनांमागे दोन ते सात-आठ डोळे. पण ज्या डोळ्यात होतं त्याची नजर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जाऊ शकते. एकट्यादुकट्या रुग्णाला होतं तेव्हा जंतू बहुतेक वेळा बाहेरचे नसतात. ते रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांच्या कडांवर आणि डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर आधीपासून असतात आणि जखमेतून आत जातात. एकाच दिवशी, एकाच ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) अनेक रुग्णांना होतं तेव्हा गोष्ट निराळी. तिथे डोळा धुण्याचं द्रव, नळ्या, निर्जंतुक न झालेली हत्यारं किंवा अनेकांना वापरलेली एकच बाटली यांपैकी काहीतरी सापडतं. शिबिरात डोळे गेल्याच्या बातम्या असतात त्या या दुसऱ्या प्रकारच्या. २०१४ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात आणि २०२१ मध्ये बिहारात मुझफ्फरपूरला असंच एका झटक्यात अनेकांच्या बाबतीत घडलं. तुमच्या कागदावरचा ड्रॉप द्यायचा की नाही, याचा त्या प्रकाराशी काही संबंध नाही. ओटीतला घोळ घरच्या ड्रॉपने निस्तरत नाही.

मग कशाचा उपयोग होतो? सगळ्यात आधी आयोडीन. टेबलवर घेतल्यावर पापण्यांची कातडी १० टक्के पोव्हिडोन आयोडीनने पुसायची आणि उघड्या डोळ्यावर वरून ५ टक्के आयोडीन टाकून किमान तीन मिनिटं थांबायचं. ही तीन मिनिटं घाईच्या दिवशी दीडवर येतात, आणि तिथेच गडबड होते. दुसरी चूक जेलची. बधिर करण्याचं जेल आयोडीनच्या आधी घातलं तर त्याचा थर बसतो आणि आयोडीन जंतूंपर्यंत पोचत नाही. बधिर करायला ड्रॉप वापरावा, जेल वापरायचंच तर आयोडीननंतर. तिसरी चूक जास्त गंभीर, ती म्हणजे हात धुण्याचं फेस येणारं आयोडीन स्क्रब डोळ्यात जाणं. त्यातल्या साबणाने बुबुळाचा पुढचा काचेसारखा भाग भाजतो. बाटल्या सारख्या दिसतात म्हणून आम्ही स्क्रबची बाटली ओटीच्या टेबलाजवळ येऊच देत नाही.

त्यानंतर ड्रेप, म्हणजे डोळ्याभोवती चिकटवायचं प्लॅस्टिकचं आवरण. पापण्यांचे केस त्याखाली पूर्ण दुमडून झाकले गेले पाहिजेत. केस कापण्याचा फायदा कुठल्याच चांगल्या अभ्यासात दिसलेला नाही, तरी काही ठिकाणी अजून कापतात. मग जखम. फेको, म्हणजे यंत्राने मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायची पद्धत, असो की टाक्याविना करायची छोट्या छेदाची पद्धत, शेवटी छेदातून पाणी गळत नाही ना हे बघावंच लागतं. गळणाऱ्या छेदातून दाब कमी झाला की बाहेरचं पाणी जंतूंसकट आत ओढलं जातं. शंका असेल तर एक बारीक टाका घालण्यात कमीपणा काही नाही. आता टाके घालायचे नसतात, असं रुग्णाला कौतुकाने सांगितलं जातं. पण गळत असेल तर टाका लागतोच.

आणि मग ते इंजेक्शन, ज्याच्याभोवती तुमचा अभ्यास फिरतोय. ते डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे काळ्या बुबुळापुढच्या जागेत सोडतात. युरोपमधल्या नऊ देशांत २४ केंद्रांवर १६ हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास झाला, त्याचा निकाल २००७ मध्ये छापून आला. सेफ्युरॉक्सिम नावाचं औषध १ मिलिग्रॅम आत सोडलं नाही तर इन्फेक्शनचा धोका जवळजवळ पाचपट, असं त्यात दिसलं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. त्याच अभ्यासात अँटिबायोटिक ड्रॉपचा गटही होता, आणि ड्रॉपचा फायदा आकडेशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

आपल्याकडे सेफ्युरॉक्सिमची अडचण म्हणजे ते पातळ करावं लागतं. पातळ करताना हिशेब चुकला तर जास्त मात्रेने डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज येते, क्वचित पडद्याचा रक्तपुरवठाही बंद पडतो. म्हणून भारतात मॉक्सिफ्लॉक्सासिन रुळलं, ०.५ टक्क्याचं तयार औषध ०.१ मिली, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांनी सहा लाखांहून अधिक डोळ्यांची नोंद तपासली. इंजेक्शनशिवाय ०.०७ टक्के, इंजेक्शनसह ०.०२ टक्के. ऑपरेशनमध्ये भिंगामागची पिशवी फाटली तर धोका सुमारे सातपट होतो, त्या डोळ्यांतही इंजेक्शनने ०.४८ वरून ०.२१ वर आलं. हा २०१७ चा निकाल. यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, झालेल्या ऑपरेशनांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यामुळे पुराव्याचा दर्जा युरोपच्या अभ्यासापेक्षा एक पायरी खाली. पण डोळ्यांची संख्या आणि आपल्याच देशातले रुग्ण बघता मी त्याला मोठं वजन देतो.

कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आत इंजेक्शन दिल्यावर वरून अँटिबायोटिक ड्रॉप जोडल्याने आणखी फायदा दिसला नाही. स्वीडनमध्ये तर बहुतेक ठिकाणी इंजेक्शन देऊन घरी अँटिबायोटिक ड्रॉप देतच नाहीत, आणि त्यांचं प्रमाण जगात सगळ्यात कमी असलेल्यांपैकी आहे. म्हणजे तुमच्या कागदावरचा प्रश्न हवेतून आलेला नाही. ज्या गटाला अँटिबायोटिक ड्रॉप नाही त्यालाही मुख्य संरक्षण मिळतंच आहे. कागदावर 'एका गटाला इंजेक्शन नाही' असं असतं तर मी सरळ नको म्हणालो असतो. इंजेक्शन सगळ्यांना मिळणार, हे वाक्य कागदावर स्वतः शोधा, तोंडी सांगितल्यावर विसंबू नका.

आता ३०० रुग्णांचं. इथे थोडं गणित करू, कारण अशा अभ्यासांचं नेमकं इथेच चुकतं. दहा हजारांत पाच डोळे हे प्रमाण धरलं तर ३०० रुग्णांत ०.१५ इतकी इन्फेक्शन अपेक्षित, म्हणजे बहुधा एकही नाही. समजा ड्रॉप न दिलेल्या १५० जणांत शून्य निघाली. त्यावरून 'ड्रॉपची गरज नाही' म्हणता येईल का? आकडेशास्त्रात एक साधा नियम आहे, शून्य घटना दिसल्या तर तीनला रुग्णसंख्येने भागा, खरं प्रमाण तिथपर्यंत असू शकतं. ३ भागिले १५०, म्हणजे २ टक्के. ०.०५ च्या जागी २ टक्के असलं तरी तुम्हाला शून्यच दिसू शकतं, इतका तो अभ्यास आंधळा. एवढ्या संख्येत इन्फेक्शनचा निकाल लागतच नाही.

मग ते मोजणार काय? कागदात किंवा नोंदणीत 'प्रायमरी आऊटकम', म्हणजे अभ्यासात मुख्यतः काय मोजायचं, म्हणून जे लिहिलंय ते बघा. बहुधा एका आठवड्याची आणि एका महिन्याची सूज, डोळ्याच्या कडेच्या स्वॅबवरचे जंतू, नजर, ड्रॉप वेळेवर घातले का, खर्च किती आला, अशांपैकी काही असेल. ते मोजणं रास्त आहे. वयस्कर माणसाला चार-चार बाटल्या दिल्या की गोंधळ होतो, आणि एक बाटली कमी होणं ही शेतकऱ्याच्या घरात लहान गोष्ट नाही. पण तिथे 'इन्फेक्शनचं प्रमाण' लिहिलं असेल तर संशोधकाचा हिशेब कच्चा आहे, आणि अशा हाताखालच्या बाकीच्या नोंदींवरही माझा भरवसा कमी होतो.

नोंदणी बघायची म्हणजे सीटीआरआय क्रमांक विचारायचा. भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची ही सरकारी नोंदवही २००७ पासून सुरू आहे आणि कुणालाही नेटवर मोफत उघडून बघता येते. त्यात रुग्णसंख्या, काय मोजणार, कुणाला घेणार नाही आणि नैतिकता समितीची मंजुरी हे सगळं असतं. 'कुणाला घेणार नाही' हा भाग तुमच्यासाठी महत्त्वाचा. काही अभ्यास मधुमेहींना वगळतात, काही ठरावीक मर्यादेपर्यंत घेतात. आईंना घेऊन त्यांचीच अट मोडली जात नाही ना, ते तपासा.

बाकी कागदाचं पटकन सांगतो. माहितीपत्रक मराठीत हवं आणि घरी नेऊन वाचायला मिळायला हवं. नाही म्हटलं तरी ऑपरेशन त्याच तारखेला, तसंच होणार, हे त्यात स्पष्ट असलं पाहिजे. मध्येच बाहेर पडता आलं पाहिजे. संशोधनामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते लिहिलेलं असावं, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर असावा. आणखी एक. 'मी सही करू का' असं तुम्ही विचारलंय, पण सही तुमची नाहीच. आई शुद्धीत आहेत, निर्णय घेऊ शकतात, तर संमती त्यांची. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण सगळं वाचून दाखवताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर लागतो. दवाखान्यातल्याच माणसाला साक्षीदार केलं तर हरकत घ्या.

तुम्ही सांगितलंय तसाच आराखडा असेल आणि वरच्या गोष्टी जागेवर असतील, तर भाग घ्यायला माझी हरकत नाही. उलट अभ्यासातल्या रुग्णाला ठरलेल्या दिवशी फोन करून बोलावलं जातं आणि बारकाईने तपासलं जातं, एरवी गर्दीत ते होईलच असं नाही.

मात्र अभ्यास असो-नसो, काही गोष्टी ऑपरेशनच्या आधी झाल्या पाहिजेत. नाकाजवळ, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बोटाने दाबल्यावर पू किंवा चिकट पाणी येतं का? येत असेल तर अश्रुपिशवीचा इलाज आधी, मोतीबिंदू नंतर. यात तडजोड नाही, कारण तो पू सरळ जखमेवर येतो. पापण्यांच्या कडांना कोंड्यासारखी पापुद्री असेल, सकाळी चिपडं धरत असतील तर आठ-पंधरा दिवस कोमट शेक आणि पापण्यांची स्वच्छता करून मग टेबलवर घ्यावं. पायाला जखम, दाताला पू असेल तर तेही सांगा. शुगर ऑपरेशनच्या दिवशी २०० च्या आसपास किंवा खाली असली की आम्ही घेतो. पण त्यासाठी आदल्या दोन दिवसांत औषधं वाढवून ती धाडकन खाली आणू नका. मधुमेहात पडद्याची तपासणी आधी झालेली असावी, कारण नंतर नजर कमी आली तर कारण मोतीबिंदूचं होतं की पडद्याचं, हे कळत नाही.

दवाखान्याला दोन प्रश्न जरूर विचारा, रागावणार नाहीत. एक, डोळा धुण्याच्या द्रवाचा बॅच नंबर प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत लिहिता का? दुसरा, हत्यारं शेवटी कुठल्या पाण्याने धुता? आपल्याकडे उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं. त्याने धुतलं तर क्षार हत्यारांच्या बारीक पोकळ्यांत बसतात, आणि नीट न धुतलेला साबण उरला तर जंतू नसतानाही डोळा दुसऱ्या दिवशी सुजून पांढरट होतो. म्हणून शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनेच. लाइट गेली की ऑटोक्लेव्हचं, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, चक्र मध्येच तुटतं. ते उरलेल्या मिनिटांपुरतं नाही, पहिल्यापासून पुन्हा चालवावं लागतं. १२१ अंशांवर २० ते ३० मिनिटं सलग, मध्ये खंड पडला तर आधीचा वेळ धरायचा नाही. ज्या ओटीत हे सहज सांगतात तिथे निर्धास्त राहा. आणि हो, शिबिरात तपासणी झाली तर हरकत नाही, ऑपरेशन मात्र दवाखान्याच्या कायमच्या ओटीतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घरी गेल्यावरचं. जंतूंचं इन्फेक्शन बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर छान दिसत होतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी धूसर झालं, ही धोक्याची खूण आहे. नजर सुधारायची सोडून घटणं, लाली वाढणं, ठणका, उजेड सहन न होणं, पापणी सुजणं. अमेरिकेतल्या १९९५ च्या मोठ्या अभ्यासात ४२० रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला वेदना नव्हतीच. म्हणून 'दुखत तर नाही' म्हणून थांबू नका, दिसणं कमी झालं एवढं कारण पुरे. रोज सकाळी चांगला डोळा हाताने झाकून ऑपरेशनच्या डोळ्याने समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांगा. कालच्यापेक्षा अंधुक असेल तर त्याच दिवशी निघा. फक्त स्टेरॉइडचा गट मिळाला तर हे जास्तच सांभाळायचं, कारण स्टेरॉइडने सुरुवातीची लाली दबते आणि बरं वाटल्यासारखं होतं.

इथेच आपल्या भागात डोळे जातात. मेडिकलमधून दुसरा ड्रॉप आणून दोन दिवस बघणं, 'सोमवारी तपासणी आहेच की', रात्रीची एसटी नाही, सोबत यायला कुणी नाही. वेळेत आलं तर डोळ्याच्या मागच्या भागात व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम अशी अँटिबायोटिकची दोन इंजेक्शनं दिली जातात आणि आतल्या पाण्याचा नमुना तपासायला जातो. नुसत्या ड्रॉपने किंवा सलाइनने भागत नाही, औषध आतच पोचावं लागतं. त्याच १९९५ च्या अभ्यासात ज्यांना फक्त उजेड समजत होता अशांना लगेच पडद्याच्या ऑपरेशनने, म्हणजे व्हिट्रेक्टमीने, स्पष्ट फायदा झाला. हात हललेला दिसण्याइतकी नजर असलेल्यांना नुसत्या इंजेक्शननेही तेवढाच. याचा तुमच्यापुरता अर्थ असा की नजर जितकी शिल्लक असताना पोचाल तितका इलाज सोपा. म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच विचारून ठेवा, रात्री-बेरात्री इंजेक्शन तुमच्याकडेच देता की पडद्याच्या डॉक्टरकडे पाठवता, आणि कुठे. गाडीवाल्याचा नंबर त्याच कार्डावर मागे लिहून ठेवा. फोनवर 'डोळा दुखतोय' असं मोघम सांगू नका. 'ऑपरेशनला इतके दिवस झाले, कालपर्यंत दिसत होतं, आज कमी दिसतंय' असं सांगा.

ड्रॉप घालताना हात साबणाने धुऊन, बाटलीचं टोक पापणीला न लावता, खालची पापणी ओढून एक थेंब. प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइडची, पांढरट बाटली हलवून घ्यायची, नाहीतर औषध तळाला राहतं आणि वरचं पाणीच डोळ्यात जातं. दोन ड्रॉपमध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. डोक्यावरून पाणी दोन आठवडे नको. चुलीपुढे बसणं, गोठा, मळणी, कापसाचं काम महिनाभर दुसऱ्याने करावं. मध, एरंडेल, गुलाबजल, काजळ काहीही नको.

उन्हाळ्याचं म्हणाल तर महिना बघून इन्फेक्शन होत नाही. ओटीतली हवा वर्षभर सारखीच असते. अडचण घरी आहे, पाण्याची टंचाई, धूळ आणि लग्नसराईत ड्रॉप घालायला माणूस नसणं. घरात दिवसभर एकजण राहणार असेल तर एप्रिलमध्ये करा. ड्रॉपची बाटली मात्र पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, झाकणाच्या डब्यात घालून माठाशेजारी ठेवा. मोतीबिंदू पिकत आलाय म्हणताय, तर पावसाळ्यापर्यंत ढकलण्यात फायदा काही नाही. जास्त पिकला की ऑपरेशन अवघड होतं आणि पिशवी फाटण्याची शक्यता वाढते.

कागदावरचा सीटीआरआय क्रमांक आणि 'प्रायमरी आऊटकम'चा परिच्छेद इथे टाका. आईंचं आणि दवाखान्याचं नाव झाका. मग त्या अभ्यासाबद्दल नेमकं सांगता येईल.